नापासांची शाळा आणि तिच्यापलीकडे

शाळेत मागे पडलेल्या मुलाला हात देण्याच्या रीती दोन. पहिलीत त्याला अधिक वेळ, अधिक सराव आणि अधिक शिस्त मिळते. दुसरीत तो नेमका कुठे अडतो हे शोधून शिकवण्याची पद्धतच बदलली जाते. पहिल्या रीतीचे महाराष्ट्रातील नावाजलेले उदाहरण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत आहे. दुसरी रीत मुंबई-पुण्यातील रुग्णालये, विशेष शाळा आणि काही संस्थांच्या आधाराने वाढली. या दोन्हींची गरज असलेली मुले मात्र एकाच वर्गात शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यांच्यातला फरक ओळखणे हे अनुभवी शिक्षकाचे पहिले काम.

राळेगणसिद्धीत पहिली शाळा १९३२ मध्ये भरली, तीही एका खोलीत. १९७१ साली सुमारे बाराशे वस्तीच्या या गावात साक्षर पुरुष २९० आणि साक्षर स्त्रिया ७२ होत्या. प्राथमिक शिक्षणानंतर मुले शिरूरला किंवा पारनेरला जात. मुलींचे शिक्षण तिथेच थांबे. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतल्यावर पाणी, दारूबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीने शाळेचाही प्रश्न हाती घेतला गेला. १९७९ मध्ये संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि गावात माध्यमिक शाळा सुरू झाली. तिच्या मान्यतेसाठी १९८० मध्ये जिल्हा परिषदेसमोर उपोषण करावे लागले. पाणलोटाच्या कामामुळे राळेगण जगाला ठाऊक झाले, पण हजारे यांच्या उपोषणांच्या मालिकेची सुरुवात शाळेसाठी झाली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

या शाळेचे वेगळेपण प्रवेशात होते. इतर शाळा दहावीचा निकाल राखण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच अडवतात किंवा दाखला हातात देतात. राळेगणच्या शाळेने नापास झालेल्या, शाळा सोडलेल्या आणि घरच्यांनी आशा सोडलेल्या मुलांना मुद्दाम जवळ केले. बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह झाले. पहाटेचा व्यायाम, ठरलेल्या वेळेचा अभ्यास, शाळेआधीचे व नंतरचे जादा तास आणि श्रमदान असा दिनक्रम बसला. ‘नापासांची शाळा’ हे नाव तिने कमीपणा न मानता मिरवले.

ही रीत ज्या मुलांना लागू पडते त्यांना ती फार चांगली लागू पडते. गुरामागे गेल्यामुळे, घरातल्या दारूमुळे, ऊसतोडीच्या स्थलांतरामुळे किंवा वाईट संगतीमुळे ज्याची दोन-तीन वर्षे वाया गेली, त्या मुलाची शिकण्याची क्षमता शाबूत असते. हुकलेली असते ती संधी. नियमित झोप, पोटभर जेवण, रोज वही तपासणारा शिक्षक आणि पळून जायला जागा नसणे एवढ्यानेही असे मूल वर्षभरात सावरते. अहिल्यानगर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आणि पारनेरसारखे कोरडवाहू तालुकेही, त्यामुळे अशा मुलांची कमतरता कधीच नव्हती.

परंतु नापासांच्या त्याच गर्दीत वेगळी मुलेही असतात. रोज चार तास बसूनही एखाद्याला फळ्यावरची ओळ वहीत नीट उतरवता येत नाही. तोंडी विचारले तर तो इतिहासाचा धडा अख्खा सांगतो, लिहायला दिले की पान कोरे. अशा मुलाला आणखी चार तास बसवणे म्हणजे जे त्याला जमत नाही तेच दुप्पट वेळ करायला लावणे. शिस्तीचा उपाय इथे नुसता कमी पडत नाही, उलटतो. कारण मुलाला आळशी ठरवले जाते आणि काही महिन्यांत ते स्वतःही तसेच मानू लागते.

या दुसऱ्या गटाची वैद्यकीय नोंद सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी एका हुशार पण वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले. आज ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाखाली वाचनाची अडचण (डिस्लेक्सिया), लेखनाची (डिस्ग्राफिया) आणि गणिताची (डिस्कॅल्क्युलिया) अशा तीन मुख्य अडचणी येतात. बुद्धी सर्वसाधारण किंवा वरची, पण एकाच वाटेवर अडथळा, हे त्यांचे समान लक्षण. महाराष्ट्रातील सर्वसामान्य पालकांना हा प्रकार कळला तो २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे. चित्रपटाने सहानुभूती निर्माण केली आणि एक गैरसमजही, की असे प्रत्येक मूल दडलेला चित्रकार असते. बहुतेक मुले तशी नसतात. त्यांना चित्रकला नको, वाचता यायला हवे असते.

तिसरा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित. त्यातल्या मुलाचा बुद्ध्यांक साधारण ७० ते ८५ च्या दरम्यान असतो. बोलीभाषेत त्याला ‘स्लो लर्नर’ म्हणतात. हे मूल मतिमंदत्वाच्या व्याख्येत बसत नाही आणि अध्ययन अक्षमतेच्याही नाही. त्यामुळे त्याला प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, विशेष शिक्षकही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, पण हा त्यांत नाही. त्याला शिकता येते, फक्त संकल्पना छोट्या तुकड्यांत आणि वस्तू हाताळत समजवाव्या लागतात, आणि उजळणी वारंवार घ्यावी लागते. राळेगणसारख्या निवासी व्यवस्थेचा खरा फायदा कदाचित याच गटाला सर्वाधिक मिळतो.

याखेरीज लक्ष न टिकणारी अतिचंचल मुले, स्वमग्न मुले, कमी ऐकू किंवा कमी दिसणारी मुले आहेत. शेवटच्या दोन प्रकारांत चुकीच्या निदानाचे प्रमाण लाजिरवाणे असते. डोळ्यांची किंवा कानाची तपासणी न करताच ‘ढ’ ठरलेली मुले प्रत्येक जुन्या शिक्षकाने पाहिलेली असतात. अतिशय तल्लख मुलांच्या गरजाही वेगळ्या असतात. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापलेली ज्ञानप्रबोधिनी त्यातूनच उभी राहिली, पण तो विषय स्वतंत्र आहे.

निदान करताना भाषेचा विचार सर्वांत आधी करावा लागतो, आणि इथे इंग्रजी पुस्तकांवर वाढलेले प्रशिक्षण तोकडे पडते. इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ नसल्याने अडचण लवकर उघडी पडते. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते बरेच सरळ आहे. त्यामुळे पुष्कळ मुले अक्षरे पाठ करून दुसरी-तिसरीपर्यंत निभावतात आणि जोडाक्षरांशी येऊन थबकतात. मराठी मुलांच्या ठरलेल्या अडचणी अनुभवी शिक्षकाला वहीवरून दिसतात. भ-म, घ-ध, ब-व, थ-य, ष-प या जोड्यांत गोंधळ होतो, ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जातो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला रफार नेमका उलटा, उच्चारायचा य-च्या आधी आणि काढायचा त्याच्या डोक्यावर. त्यात पुन्हा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चे उच्चार वेगळे, अक्षर एकच. डोळा, कान आणि हात यांचा क्रम जुळवणे ज्याला जड जाते, त्याची फजिती इथेच होते.

उलट काही चुका निदानाच्या कामाच्या नसतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून अध्ययन अक्षमता ठरवायची तर निम्मा महाराष्ट्र त्यात येईल, शिक्षकांसकट. पारनेरच्या वाडीवरचे मूल ‘पानी’ आणि ‘व्हता’ लिहिते, कारण घरी तेच ऐकते. भिल्ल, ठाकर किंवा बंजारा घरातल्या मुलाला पुस्तकी मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते. बोलीचा ठसा आणि मेंदूतील प्रक्रियेची अडचण यांत गल्लत झाली की मुलावर नको ते लेबल बसते. चुका नियमित आहेत की विस्कळीत, ही साधी कसोटी इथे उपयोगी पडते. बोलीतून येणारी चूक दर वेळी सारखीच असते. अध्ययन अक्षम मूल एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिते.

गणितातही मराठीची स्वतःची गाठ आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन येतात, लिहिताना आधी पाच. म्हणून मूल ५३ ऐवजी ३५ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये ऐकू येतो तीस, लिहायचे असतात २९. ‘एकोणनव्वद’ची सवय होते तोवर ‘नव्व्याण्णव’ येऊन नियमच मोडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर गदारोळ झाला आणि विधानसभेतही विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे मात्र सरळ होते: जोडाक्षरी आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांनी लहान मुले बिचकतात, त्यांना आधी संख्या कळू द्यावी. पारंपरिक नावे काढून टाकलेली नव्हती, ती सोबत होतीच. अडखळणाऱ्या मुलांना एकेकटे शिकवणारे शिक्षक ही युक्ती आपापल्या पातळीवर वापरतच असतात. पाठ्यपुस्तकात आली म्हणून तिची चेष्टा झाली.

अनुभवी शिक्षकाची तासिका बाहेरून फारशी प्रभावी दिसत नाही. सुरुवात मुलाला येते त्यापासून होते, मग ते पहिलीच्या पातळीचे का असेना. एका बैठकीत एकच नवी गोष्ट. अक्षर वाळूत किंवा रव्यात बोटाने गिरवायचे, त्याच वेळी मोठ्याने म्हणायचे, मग वहीत लिहायचे. डोळे, कान आणि स्पर्श यांना एकत्र कामाला लावणारी ही पद्धत अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून रुजली. जोडाक्षर आधी तोडून दाखवायचे. दशक-एकक काड्यांच्या जुड्यांनी. फळ्यावरून उतरवण्याची सक्ती नाही. कालची गोष्ट आज विसरली तर ती आजही तितक्याच शांतपणे, आणि हेच सर्वांत अवघड. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा ठेवून दर काही आठवड्यांनी तो बदलला जातो. नवखा शिक्षक अशा वेळी काम वाढवतो, जुना शिक्षक काम कमी करतो आणि ते पक्के करतो.

मराठीत वाचन शिकवण्याचा याच अंगाने विचार फलटणला झाला. मॅक्सिन बर्नसन यांनी तिथे शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतील मुलांपासून सुरुवात केली. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि कमला निंबकर बालभवनाने वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून, थोड्या अक्षरांचा गट व त्यांपासून लगेच तयार होणारे अर्थपूर्ण शब्द यांवर वाचन उभे केले. ‘क कमळाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत रांगत जाण्यापेक्षा दहा अक्षरांत एखादे वाक्य वाचता आलेले मूल टिकून राहते, हा त्यामागचा विचार.

अनुभव म्हणजे किती वर्षांची नोकरी, असा प्रश्न मुंबईतील एका प्रयोगाने अवघड करून ठेवला आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या, जेमतेम दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या या तरुणी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेऊन शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथे याची पद्धतशीर पाहणी केली. २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा आढळली आणि सर्वाधिक लाभ तळाच्या मुलांना झाला. पदवीधर, कायम नोकरीतला शिक्षक जे करू शकत नव्हता ते या मुलींनी केले. कारण त्यांना अभ्यासक्रम संपवायचा नव्हता. मुलाच्या पातळीपासून सुरुवात करण्याची त्यांना मोकळीक होती. पुढे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची ही पद्धत देशभर आणि आफ्रिकेतही गेली, आणि महाराष्ट्राच्या २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातही प्रत्येक मुलाच्या मूलभूत क्षमतेवर भर आला.

या निष्कर्षाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. बालसखी संधी हुकलेल्या मुलांना वर काढू शकते. स्वमग्न किंवा तीव्र वाचन-अडचण असलेल्या मुलासाठी प्रशिक्षित माणूसच लागतो. भारतात त्यासाठी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला विशेष शिक्षक अधिकृत मानला जातो.

महाराष्ट्रात विशेष शिक्षणाची परंपरा जुनी आहे, मात्र ती शहरांत साठलेली आहे. मुंबईत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली, तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी सुरू झाली. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत केंद्र उघडले. १९९६ मध्ये महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच सुमारास राज्याने अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. देशात अशी पावले उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मात्र त्यासाठीची तपासणी दीर्घकाळ मुंबईतील शीव रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणीच होत असे. सवलत राज्यभर होती, तपासणी शहरात.

ग्रामीण पालकाची वाट इथे बिकट होते. राळेगणच्या किंवा आसपासच्या वाडीवरच्या मुलाला प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय किंवा पुणे गाठावे लागते, तेही एकदा नव्हे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक नियमांनुसार अध्ययन अक्षमतेची तपासणी वयाच्या आठ वर्षांनंतर आणि पुन्हा चौदाव्या व अठराव्या वर्षी अपेक्षित होती. मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी मराठीत व्हायला हवी, हेही फार काळ गृहीत नव्हते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी हिंदी, इंग्रजी आणि कन्नडबरोबर मराठीतही तयार केली, ती गेल्या दशकात. रोजंदारी बुडवून घातलेले खेटे आणि शेवटी हाती पडणारा कागद यांचा हिशेब बसत नाही म्हणून पुष्कळ पालक मधेच सोडून देतात.

शाळेत येऊन मदत करणारा विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतून मिळतो. हे ‘फिरते’ शिक्षक एका केंद्राच्या अनेक शाळा आणि तीव्र दिव्यांग मुलांची घरेही सांभाळतात, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने अशा मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे. बहुसंख्य नेमणुका वर्षानुवर्षे कंत्राटी राहिल्या. आठवड्यातून एकदा, तेही पाऊस आणि एस.टी. जमली तर येणारा माणूस मुलाला ओळखू लागतो तोच त्याची बदली किंवा कराराची मुदत येते. सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे खटल्यात २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला आणि त्यानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक व वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. २०२५ मध्ये पदे अधिसूचित करण्याचा आदेश राज्यांना पुन्हा द्यावा लागला, यावरूनच अंमलबजावणीचा वेग कळतो.

उरते ती खासगी शिकवणी. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते. त्यामागचा हेतू योग्य आहे, वर्गात हात आखडून घरी पैशाला शिकवण्याची खोड मोडण्याचा. परंतु त्यामुळे गावातला मुलांची पारख असलेला माणूस या कामातून बाहेर राहतो, आणि उरतात निवृत्त गुरुजी, डी.एड. होऊन बेकार असलेले तरुण आणि शहरातील क्लासवाले. क्लासची घडी गुणवंतांसाठी बसवलेली असते. या कामासाठी निवृत्त शिक्षकांचा गंभीरपणे वापर मात्र फारसा झालेला नाही, आणि हे आश्चर्य आहे. चाळीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाला थोडे नेमके प्रशिक्षण दिले तर प्राथमिक ओळख पटवण्याचे काम तो तालुक्याच्या कचेरीपेक्षा लवकर करील.

शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबले तेव्हा अडचणी नाहीशा झाल्या नाहीत, नववीपर्यंत पुढे ढकलल्या गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा आणल्या. नापास मुलासाठी फेरपरीक्षा आहे, पण दोन परीक्षांच्या मधल्या आठवड्यांत त्याला कोण आणि कसे शिकवणार हे बहुतेक शाळांत ठरलेले नसते. एका उन्हाळ्यात जोडाक्षरे येत नाहीत.

दहावीच्या टप्प्यावर वाटा फुटतात. प्रमाणपत्र असलेल्याला राज्य मंडळाच्या सवलती मिळतात. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक अपेक्षित आहेत. लेखनिकाला सांगून लिहून घेणे हेही शिकावे लागते, आणि त्याचा सराव नववीपासून न केलेला मुलगा परीक्षेत गोंधळतो. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची सोय जुनी आहे. बसता येते, शिकवणारे कोणी नसते. १९८९ पासूनची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था विषय निवडण्याची आणि एकेक विषय सोडवण्याची मुभा देते. गणित टाळून व्यवसायाभिमुख विषय घेणे अनेक अध्ययन अक्षम मुलांना तिथेच शक्य होते. आय.टी.आय.च्या अनेक अभ्यासक्रमांना मात्र दहावीचे गणित-विज्ञान लागते. त्यामुळे सवलतीपोटी गणित सोडण्याआधी मुलाला पुढे काय करायचे आहे हे आठवीतच विचारून घेणे, आणि मगच कोणती सवलत घ्यायची ते ठरवणे, हा सल्ला अनुभवी विशेष शिक्षक पालकांना देतात.